अर्धा स

२ फेब्रुवारी

आजपासून नोंदी ठेवायच्या असं ठरवलं आहे. कारण साधं आहे. माझ्या पुस्तकांच्या कपाटाला कुणीतरी हात लावतंय.

'उत्तरेकडची खिडकी' ही माझी सर्वांत मोलाची प्रत. ती मी वरच्या फळीवर इतर पुस्तकांपेक्षा बोटभर आत ढकलून ठेवतो. काल पाहिलं तर ती शहाण्यासारखी रांगेत उभी होती. पुस्तकं काही आपल्या पायांनी पुढे येत नाहीत. हिला विचारलं तर म्हणाली, धूळ झटकली असेल मी. झटकली असेल! झटकली की नाही हे झटकणाऱ्याला ठाऊक नको? मी जन्मभर वजनमापं तपासली. पारड्याखाली मेण चिकटवणारे, मापाचं बूड ठोकून आत घेणारे सगळे दुकानदार आधी असंच म्हणायचे, "असेल साहेब." 'असेल' ऐकलं की मी झडती सुरू करत असे.

ही म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी घेत नाही, माझं ती घेत नाही, आणि त्यावाचून आमचं कधी अडलेलं नाही.

आता संग्रहाबद्दल. परदेशी आधुनिक कादंबऱ्यांची आपल्या भाषेतली भाषांतरं मी जमवतो, तीही फक्त पहिल्या आवृत्तीची. ज्यात काहीही घडत नाही, माणसं खुर्चीत बसून विचार करतात आणि वाक्य पानभर संपत नाही, तसल्या कादंबऱ्या. आमच्या तरुणपणी एका हौशी प्रकाशकानं त्या काढल्या. कुणी घेतल्या नाहीत. गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत गेले. म्हणून तर त्या आज दुर्मीळ आहेत, खपल्या असत्या तर त्यांना कुणी विचारलं नसतं.

'खिडकी' मला एका किराणा दुकानात मिळाली. मी तराजू तपासत होतो आणि दुकानदार शेजारी बसून एका पुस्तकाची पानं फाडून मोहरीच्या पुड्या बांधत होता. नशीब, अजून शेवटच्या जाहिरातींचीच पानं गेली होती. पुस्तक मी ताब्यात घेतलं. तराजूही घेतला, तो खोटा निघाला.

ती वाचलीत का, असं लोक विचारतात. मी पान एकशे बारा वाचलं आहे. तेवढं पुरतं. या पानावर नायिका खिडकीशी बसलेली असते आणि तिथं छापलं आहे, 'आणि एकदम तिला मरण आले.' आणि समोरच्याच पानावर बाई उठून खिडकी लावते आणि दूध तापत ठेवते! खरा शब्द 'स्मरण'. छापताना अर्धा स गळाला. पुढे कधीतरी ती कुठल्याशा अभ्यासक्रमाला लागली म्हणून दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात तो आला. म्हणजे 'मरण' असेल ती पहिली आवृत्ती, 'स्मरण' असेल ती दुसरी. इतकी चोख कसोटी सोन्यालाही नाही. आणि गंमत अशी की कादंबरी आधुनिक असल्यामुळे तोवर कुणाला संशयच आला नाही. एका समीक्षकानं तर त्या मरणावर लेख लिहिला होता.

पाहुणे आले की मी त्यांच्या हातात भिंग देऊन ती ओळ दाखवतो आणि म्हणतो, "बाई एकशे बारावर गेली, एकशे तेरावर दूध तापवतेय. आणि मुद्रितशोधक काय करत होता? घोरत होता!" लोक पोट धरून हसतात. ही नेमकी तेव्हाच कपबशा उचलून आत जाते. तिला विनोदाचं अंग नाही.

ही डायरी मी हिच्या शिवणयंत्राच्या खणात, सुयादोऱ्यांच्या डब्याखाली ठेवणार आहे. माझ्या खणात ठेवली तर कुणीही शोधून काढेल. सुयादोऱ्यात हात घालायचं कुणाच्या मनात येणार नाही.

५ फेब्रुवारी

मोठी बातमी. सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई स्वतः घरी आल्या होत्या. दुर्मीळ पहिल्या आवृत्त्यांचं प्रदर्शन भरतंय, २३ तारखेला उद्‍घाटन. मधल्या मेजावर, काचेखाली, माझी 'खिडकी' एकशे बाराव्या पानावर उघडून ठेवणार. शेजारी मोठ्या अक्षरांत पाटी, 'एक प्रसिद्ध मुद्रणदोष'. आणि उद्‍घाटनाचं भाषण मी करायचं. आयुष्यात मला भाषणाला कुणी बोलावलं नव्हतं. ज्या दुकानदारांची मापं पकडली ते कशाला बोलावतील?

जेवताना हिला भाषणाचा मसुदा वाचून दाखवला. घोरणाऱ्या मुद्रितशोधकाचा भाग मी चांगला फुलवला आहे. तो कसा टेबलावर डोकं टेकून झोपला असेल, शाई कशी गालाला लागली असेल. ऐन रंगात आलो असताना ही नळ बंद करायला उठली. नळ बंदच होता, मी पाहून आलो.

चहा अलीकडे फार पाणचट होतो. बोलून दाखवायचं टाळतो, पण इथं नोंद असू द्यावी.

६ फेब्रुवारी

चहा एकदम कडक. कशासाठी? हिला काय हवं आहे?

९ फेब्रुवारी

दाताचे डॉक्टर आले होते. यांना मी मनात 'कवळी' म्हणतो. तेही माझ्याच छंदाचे. त्यांच्याकडे 'खिडकी'ची दुसरी आवृत्ती आहे, स्मरणवाली. पहिलीसाठी त्यांचा जीव किती कासावीस होतो ते मला ठाऊक आहे, तोंडानं कबूल करत नाहीत एवढंच.

आज त्यांनी भलतीच भाषा काढली. म्हणाले, प्रदर्शनात 'खिडकी' कशाला, माझ्या दोन पहिल्या आवृत्त्या ठेवू, त्यांच्यावर तुम्ही बोला. वर त्या दोन्ही तुम्हाला कायमच्या देतो, तुमची मला द्या, माझ्या कपाटात बंद राहील, कुणाला दाखवणारही नाही. दोनाला एक! ज्या दोन पुस्तकांना हा गृहस्थ मला बोट लावू देत नसे ती तो आपणहून देतोय. कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि परवाच ही त्यांच्याकडे दाढ दाखवायला गेली होती. खुर्चीत आडवं झालेल्या माणसाकडून काय काय काढून घेता येतं, दाताखेरीज? कपाटाची किल्ली कुठं असते हे तिनं सांगितलं नसेल कशावरून? विचारलं तर म्हणाली, तोंडात कापूस असताना मी काय बोलणार. उत्तर तयार होतं.

मी अर्थातच नाही म्हटलं. कवळी जाताना उंबऱ्याशी घुटमळली. म्हणाले, साहेब, निदान भाषणात त्या बिचाऱ्या मुद्रितशोधकाला सोडा. मुद्रितशोधकाचा यांना एवढा पुळका का?

१२ फेब्रुवारी

मेहुणा आलाय, हिचा धाकटा भाऊ. प्रदर्शनाचं निमित्त. आपल्या आक्काला सोबत म्हणून आलो म्हणतो. आक्का काय परगावी निघालीय? त्यालाही भाषण वाचून दाखवलं. एरवी हा माणूस दार वाजलं तरी हसतो, आज हसला नाही. "दाजी, हे असंच बोलणार?" एवढंच विचारलं आणि आक्काकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही अशी. दोघं स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मी पाणी प्यायच्या निमित्तानं गेलो तर विषय निघाला होता पडद्याच्या कापडाचा. पडद्याच्या कापडाबद्दल कुणी कुजबुजतं का?

यानं तरुणपणी जुन्या वस्तूंचं दुकान काढलं होतं हे मी विसरलेलो नाही.

१३ फेब्रुवारी

सापळा लावला आहे. कपाटाच्या फळीवर अंगाला लावायची पावडर पातळ पसरली. दोन्ही दारांमध्ये खालच्या बाजूला पांढरा दोरा ताणून बांधला. उघडणाऱ्याच्या लक्षात येणार नाही आणि दोरा तुटेल. हे मला सोडून कुणाला माहीत नाही.

१५ फेब्रुवारी

दोरा शाबूत. पावडर होती तशी. खरं तर होती त्याहून थोडी जास्तच वाटली. पण 'खिडकी' पुन्हा रांगेत सरळ उभी! चोर साधासुधा नाही.

न्हाणीघरातला पावडरचा डबा संपलाय म्हणून हीच मला बोलली. मी थोडीशीच घेतली होती.

एक गोष्ट बारीक आहे, पण लिहून ठेवतो. सकाळचा पेपर माझ्या हातात पडतो तेव्हा त्यावर हिच्या पेन्सिलीच्या बारीकबारीक खुणा असतात. भाजीचा हिशेब करत असावी. स्वच्छ पेपर वाचायला मिळणं या घरात नशिबात नाही.

१७ फेब्रुवारी

घात झाला.

दुपारी झोपून उठलो, भाषणासाठी ओळ एकदा पाहावी म्हणून पुस्तक काढलं. पान एकशे बारा. 'मरण' या शब्दाच्या डाव्या अंगाला पेन्सिलीनं बारीक काकपद काढलं आहे, कावळ्याच्या पायासारखी ती खूण, आणि समासात त्याच ओळीसमोर अर्धा स. पुढे तिरपी रेघ. अक्षर नाजूक, वळणदार. कुणी मला थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

हिला हाक मारली. ती आली, पान पाहिलं. कुणाला आत घेतलं होतंस का, विचारलं. नाही म्हणाली. मग हे कुणी केलं, म्हटलं. तर म्हणते, "ज्यानं केलं त्यानं बरोबरच केलंय की."

मी कपाळावर हात मारला. तिला समजावून सांगितलं की बरोबर केलं हाच तर गुन्हा आहे. चूक होती म्हणून त्या प्रतीला मान होता, दुरुस्त झाली म्हणजे प्रत बिघडली. यावर ती म्हणाली, "ज्याची चूक असते त्याला तिचा मान वाटत नाही." हे काय उत्तर झालं? सरळ प्रश्नाला तत्त्वज्ञान आलं की समजावं, माणूस वेळ काढतोय.

मी खोडरबर शोधायला लागलो. ती म्हणाली, खोडू नका, जुना कागद आहे, उठेल, आणि त्याच्याखालची शाईही फिकट होईल. इतकं हिला कुठून कळतं? कापडावरचे डाग काढायची सवय असते बायकांना, कागदही त्यातलाच समजत असावी. पण खोडरबर सापडलंच नाही म्हणून खोडलं नाही.

१८ फेब्रुवारी

दिवसभर विचार केला. कवळीचा फायदा उघड आहे. माझी प्रत बिघडली की तिचा तोरा गेला, मग पडत्या भावानं मी ती त्यांना देऊन टाकीन. पण कवळी घरात आली ती फक्त ९ तारखेला, आणि पुस्तक तेव्हा माझ्या मांडीवर होतं. म्हणजे घरातला हात हवा. मेहुणा. दोघांचं संगनमत. उद्या तो फिरायला गेला की त्याची बॅग तपासायची. पेन्सिल सापडली की झालं.

१९ फेब्रुवारी

मेहुणा फिरायला गेलाच नाही. मी त्याच्या खोलीत डोकावलो तर त्यानं बॅग कॉटवर पालथी करून ठेवली होती. सदरे, दाढीचं सामान, औषधाच्या गोळ्या, सगळं ओळीनं मांडलेलं. म्हणाला, या दाजी, बघून घ्या. मी काही बघायला आलो नाही म्हटलं. तो म्हणाला, "आक्का म्हणाली बॅग उघडून ठेव, म्हणून ठेवली."

माझ्या मनातलं हिला कसं कळलं? मी तर कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. मनात शंकेची पाल चुकचुकली ती अजून गप्प बसलेली नाही.

पेन्सिल नव्हती.

दुपारी तो गेला, उद्‍घाटनाला येईन म्हणाला. चपला घालताना विचारलं, "लग्नाआधी आक्का काय करायची, ठाऊक आहे का तुम्हाला?" मी म्हटलं, कुठल्याशा छापखान्यात जायची, पावत्याबिवत्या लिहायची असेल. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "असेल." विषय बदलायची जुनी युक्ती. मी फसलो नाही.

२० फेब्रुवारी

सरळ कवळीच्या दवाखान्यात गेलो. बाहेर दोघं गाल धरून बसले होते, त्यांच्याकडे लक्ष न देता आत घुसलो आणि तोंडावर विचारलं, माझ्या प्रतीला हात तुम्ही लावलात की कुणाकडून लावून घेतलात?

डॉक्टर हातमोजे काढून बसले. रागावतील असं वाटलं होतं, रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, ती प्रत मला माझ्यासाठी नको होती. एका माणसानं शब्द टाकला होता, की ते पान काचेखाली जाऊ नये असं काहीतरी करा. मला नाही म्हणवलं नाही."

म्हणजे तिसरं गिऱ्हाईक आहे! कोण, म्हणून खोदून खोदून विचारलं. डॉक्टर ताकास तूर लागू देईनात. "तुमच्या घरापासून फार लांब राहत नाही," एवढंच म्हणाले. आमच्या गल्लीत पुस्तकं जमवणारं दुसरं कोण आहे? इस्त्रीवाला? पेन्शनर कारकून? रस्त्यानं येताना प्रत्येक खिडकीत पाहत आलो. एका बाईनं पडदा ओढून घेतला.

घरी आल्यावर ही म्हणाली, जेवून घ्या, गार होतंय. चेहरा रडल्यासारखा वाटला. दाढ दुखत असेल.

२२ फेब्रुवारी

कसं लिहावं कळत नाही, पण रोज लिहितोय तर आजचंच टाळणं बरं नव्हे.

उद्या पुस्तक ग्रंथालयात न्यायचं म्हणून ते बांधायला जुना पेपर घेतला. पेन्सिलीची खूण आहे तर आहे, पाटीवर खुलासा करू असं ठरवलं होतं. पुस्तक पेपरावर ठेवलं, घडी घालायला लागलो, आणि पेपराच्या समासात मला अर्धा स दिसला. एका बातमीत 'स्थगित'चं 'थगित' छापलं होतं. शब्दाच्या डाव्या अंगाला काकपद, समासात अर्धा स, पुढे तिरपी रेघ. भिंग आणलं. पेपर आणि पान एकशे बारा शेजारी शेजारी धरलं. स ची शेपटी जिथं वळते तिथं दोन्हीकडे हात किंचित उचललेला होता. नोकरीत मी खोटे शिक्के नुसत्या नजरेनं ओळखत असे. हे रोज सकाळी माझ्या हातात येत होतं.

ही स्वयंपाकघरात भाजी निवडत बसली होती. मी दोन्ही कागद तिच्यापुढे ठेवले. तिनं एकदा पाहिलं.

"सापडलं एकदाचं," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, निवडणं न थांबवता. लग्नाआधी ती ज्या छापखान्यात जात होती तो हाच, ज्याचं नाव 'खिडकी'च्या पहिल्या पानामागे बारीक अक्षरात आहे आणि जे मी शेकडो वेळा पाहुण्यांना वाचून दाखवलं आहे. ती तिथं मुद्रितं तपासायची. प्रकाशकाच्या त्या सगळ्या कादंबऱ्या तिच्या हाताखालून गेल्या. माझ्या कपाटातली एकूण एक कादंबरी तिनं अक्षर न् अक्षर वाचलेली आहे.

मी म्हटलं, मग ही चूक? मला वाटतं, त्या क्षणीही माझ्या आवाजात तपासनीस होता.

तिनं हातातली भाजी खाली ठेवली. "ते प्रूफ आलं त्याच आठवड्यात माझी आई गेली होती. छपाई खोळंबली होती म्हणून मालकांनी बोलावून घेतलं. मी ते वाक्य नीट वाचलं. डुलकी नाही लागली मला. आणि एकदम तिला मरण आले. त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही हो. अख्ख्या पुस्तकात तेवढं एकच वाक्य मला खरं वाटलं."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग विचारलं, इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, "तुम्ही पुस्तक घेऊन आलात त्या दिवशी सांगणार होते. ओळखलं मी ते लांबूनच. हातात घ्यायला गेले, तर तुम्ही म्हणालात, आधी हात पुसून घे."

मला ते आठवत नाही. पण मी तसं म्हणालो असणार, कारण अजूनही म्हणतो.

घरात हसलात, पाहुण्यांपुढे हसलात, ते चालवून घेतलं, असं ती म्हणाली. पण आईच्या त्या आठवड्याला काचेखाली ठेवून सगळ्या गावाला दाखवणार, आणि वर तिनं पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, हे तिला सोसेना. डॉक्टरांना तिनंच सांगितलं होतं. भावालाही बोलावून घेतलं होतं, तो बोलेल म्हणून. मग त्यालाही बोलू दिलं नाही. काही जमेना तेव्हा तिनं त्या आठवड्यात राहून गेलेलं काम करून टाकलं.

माझ्यातला संग्राहक अजून मेला नव्हता. मी उत्साहानं म्हणालो, अगं, मग ही प्रत बिघडली नाही, उलट जगात अशी एकच! मूळ मुद्रितशोधकाच्या हातची दुरुस्ती! उद्या पाटीवर तसं लिहू, तुझं नाव घालू. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि "नको," म्हणाली. 

किती माणसांपुढे मी तो विनोद केला असेल? तिच्याच हातचा चहा पीत केला. गालाला शाई लागली होती म्हणालो. मी जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली आणि माझ्या घरात काय माप चाललं होतं ते मला दिसलं नाही. लाज वाटते. हिच्यासमोर जायचीही लाज वाटते. आत्ता या क्षणी मला मरण आलं तर बरं होईल.

२३ फेब्रुवारी

'खिडकी' नेली नाही. ग्रंथपाल बाईंचा चेहरा उतरला. मी सांगितलं, प्रत आजारी आहे. डॉक्टर शेजारी उभे होते. त्यांनी काही न विचारता पिशवीतून आपली दुसरी आवृत्ती काढली आणि काचेखाली एकशे बारावं पान उघडून ठेवलं. 'आणि एकदम तिला स्मरण आले.' 'प्रसिद्ध मुद्रणदोष' ही पाटी मी उचलून खिशात घातली. या माणसाला मी कवळी म्हणत आलो. यापुढे म्हणणार नाही, निदान रोज म्हणणार नाही.

भाषणाचे कागद घडीतून काढलेच नाहीत. मेहुणा पहिल्या रांगेत होता, ही त्याच्या शेजारी, हातातली पर्स घट्ट धरून.  मी लोकांना सांगितलं की ही कादंबरी मी तराजूवरून उचलली, त्यामुळे मला तिचं फक्त वजन ठाऊक आहे, वाचलेली नाही. कपाटातली इतरही वाचलेली नाहीत. छापखान्यात कुणीतरी बसून ती अक्षर न् अक्षर वाचली म्हणून ती आपल्यापर्यंत आली, आणि त्या माणसांची नावं पुस्तकात कुठंच नसतात, एवढंच मला म्हणायचं आहे. मग खाली बसलो. टाळ्या बेताच्याच पडल्या. लोकांना विनोदी भाषणाची अपेक्षा होती.

हिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. पर्स उघडून रुमाल काढला.

परत येताना ती म्हणाली, "तुम्ही 'अक्षर न् अक्षर' दोनदा म्हणालात." मी म्हटलं, चुकलं का? "चुकलं नाही. दोनदा झालं." आणि हसली. मला वाटतं हसली, रस्त्यावर नीट दिसलं नाही.

२४ फेब्रुवारी

आज लिहायला डायरी काढली. मी मागचं कधी वाचत नाही, पण परवाचं पान आपोआप उघडलं. ते जरा फुगलेलं होतं, ओल लागून वाळल्यासारखं.

शेवटच्या ओळीवर पेन्सिलीची खूण आहे. 'मरण' या शब्दाच्या डाव्या अंगाला काकपद. समासात अर्धा स, पुढे तिरपी रेघ.

मी ती ओळ दुरुस्तीसह वाचली. आत्ता या क्षणी मला स्मरण आलं तर बरं होईल.

म्हणजे ही डायरी वाचते. कधीपासून? तर पहिल्या दिवसापासून, दुसरं काय. चहा कडक झाला तो त्यामुळे. फळीवरची पावडर वाढली ती त्यामुळे. मेहुण्याची बॅग. आणि मी शहाणा, शिवणयंत्राच्या खणात डायरी लपवून डोळ्यांत तेल घालून चोर शोधत होतो. तिच्या खणात, तिच्या सुयांखाली! नोकरीत असतो तर माझ्यावरच खटला भरला असता.

आधी राग आला. आलाच, खोटं का लिहू? माणसाची खाजगी वही आहे. मग मागची सगळी पानं पहिल्यापासून वाचून काढली, ती वाचत असेल तशी. 'तिला विनोदाचं अंग नाही' हे वाचून तिनं काय केलं असेल? 'दाढ दुखत असेल' हे वाचून? मी भरपूर चुका केल्या आहेत, शुद्धलेखनाच्याही. तिनं एकाही ठिकाणी पेन्सिल लावलेली नाही. फक्त त्या एका शब्दाला लावली.

मी खोडणार नाही. जुना कागद नसला तरी.

'खिडकी' कपाटातून काढून बाहेरच्या खोलीत, तिच्या खुर्चीशेजारी ठेवली आहे. कपाटाची किल्ली पुस्तकावर ठेवली. हात पुसले का, ते विचारणार नाही. मी पान एकपासून वाचायला घेतलं आहे, अजून काहीच घडलेलं नाही. बाई खिडकीशी बसली आहे.

अगं, तू हे वाचशीलच, म्हणून इथंच विचारतो. तोंडानं विचारायला मला जरा वेळ लागेल. तुझी आई कशी होती? तू कधी सांगितलं नाहीस, म्हणजे मी कधी विचारलं नाही. चहाच्या वेळी सांगशील का? मी ऐकेन. मध्ये बोललो तर पेन्सिल असू दे हातात.